नावापुढचं शून्य

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. जुन्या घराची माडी. टेबलावर चामडी केससकट कॅमेरा, शेजारी मोबाइल.)

हा आग्फा क्लिक थ्री. बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनलेला. १२० मापाचा फिल्मचा रोल घालायचा, ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो निघायचे. आज तो ऑनलाइन लिलावात आहे आणि लिलाव रात्री ९ ला बंद होणार आहे.

७ वाजून १० मिनिटांनी एक नवी बोली पडते. नाव अनोळखी, आणि त्या नावापुढे शून्य. म्हणजे आजवर एकही शेरा मिळालेला नाही. विकणाऱ्याने याच्यावर विश्वास ठेवायचा का?

पेठेतल्या हर्रासात बोली लावणारा समोर उभा असतो. कुठल्या वाड्यातला, कुणाचा भाचा, हे चार जणांना ठाऊक असतं. इथे हाताशी आहे फक्त एक आकडा, आणि तो आकडा वाटतो तेवढं बोलत नाही.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाचंच घ्या. २००८ पासून तिथे विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देताच येत नाही. त्यामुळे खरेदीदाराच्या नावापुढचा आकडा चांगले शेरे किती मिळाले ते सांगतो, व्यवहार कसे झाले ते सांगत नाही. शून्यवाला माणूस आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायला आलेला कॉलेजचा मुलगा असू शकतो. आणि ३०० वाल्या खात्याचा पासवर्ड कुणी चोरलेलाही असू शकतो. म्हणून जुन्या खात्याचे शेरे कोणत्या तारखांचे आहेत ते बघावं. सहा वर्षं गप्प असलेलं, पूर्वी फक्त लहान मुलांचे कपडे घेणारं खातं एका रात्रीत पाच कॅमेऱ्यांवर बोली लावत असेल, तर ते शून्यापेक्षा जास्त काळजीचं आहे.

(दृश्य: मोबाइलवर बोलींची यादी.)

आता बोलींचा इतिहास उघडा. ईबेवर बोली लावणाऱ्याचा मागच्या ३० दिवसांचा गोषवारा दिसतो: किती बोली, किती वस्तूंवर, याच विक्रेत्याकडे किती टक्के, आणि किती बोली मागे घेतल्या. मागे घेतलेल्या बोलींचा सहा महिन्यांचा आकडाही तिथेच असतो. तोच आधी वाचा. नव्या खात्यावर दोन-तीन माघारी दिसल्या तर सावध व्हायला तेवढं पुरे.

माघारीमागे एक जुनी चाल असते. दोन खाती मिळून खेळतात. पहिलं ८०० ची बोली लावतं, दुसरं थेट ५,००० ची. तिच्यापुढे जाता येत नाही म्हणून बाकीचे पांगतात. शेवटी मोठी बोली मागे घेतली जाते आणि कॅमेरा ८०० च्या आसपास पहिल्याच्या हाती पडतो. म्हणूनच ईबेवर शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली मागे घ्यायला एकच तास मिळतो. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये असा नियम आपोआप लागत नाही. ईबेचं भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाल्यापासून देशातल्या देशात छंदाच्या वस्तूंचे कितीतरी लिलाव अशाच ग्रुपमध्ये होतात. तिथे प्रत्येक बोलीचा स्क्रीनशॉट घ्या. पुसलेला मेसेज नंतर दाखवता येत नाही.

इतिहासात काहीच नसेल, तर बोला. एकच साधा प्रश्न: टपालखर्च काढायचा आहे, पिनकोड कळवाल का? खऱ्या गिऱ्हाइकाचं उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा त्यासोबत त्याचाही प्रश्न येतो. शटर पडतं का, भिंगावर बुरशी आहे का, आतला रिकामा स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायची रीळ, आहे का. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरतेच, त्यामुळे हा प्रश्न विचारणारा वस्तू ओळखतो असं समजायला हरकत नाही. नुसतं ‘छेल्लो भाव शुं?’ म्हणजे शेवटचा भाव काय, एवढंच विचारणारा लबाड असतोच असं नाही, घासाघीस ही सवय आहे. पण वस्तूबद्दल चकार शब्द न काढता ‘अंकल, अभी पेमेंट करता हूँ, क्यूआर भेजो’ अशी घाई करणाऱ्यापाशी थांबायचं.

पिनकोडही वाचता येतो. गुजरात आणि राजस्थानचे ३ ने सुरू होतात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचे ४ ने. लष्कराच्या टपालाचा पिन ९ ने सुरू होतो. हे मुद्दाम सांगायचं कारण, ‘मी फौजेत आहे, पोस्टिंगवर आहे, माझा माणूस येऊन घेऊन जाईल’ ही बतावणी ऑनलाइन विक्रीत फार चालते. पत्ता लष्करी आणि पिन भलत्याच राज्याचा, तर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. सोबत पाठवलेल्या ओळखपत्राच्या फोटोवर मात्र विसंबू नका. तो फोटो कुणाचाही असू शकतो.

(दृश्य: वहीवर पेनाने लिहिलेले आकडे.)

उत्तर आलंच नाही तर बोली रद्द करावी का? आधी हिशेब मांडा. नव्याची कमाल बोली २,६००, दुसऱ्याची १,८५०, तिसऱ्याची १,४००, टप्पा ५० चा. प्रॉक्सी बोलीत, म्हणजे कमाल आकडा गुप्त ठेवून संकेतस्थळ लागेल तेवढीच बोली चढवतं तिथे, आत्ता किंमत दिसते १,९००. नव्याला काढलं की ती १,४५० वर येते. नुसत्या शंकेची किंमत ४५० रुपये. वस्तू एवढ्या किमतीची असेल तर नव्याला राहू द्यावं, असं आमचं मत आहे. त्याने पैसे नाही दिले तर वेळ जाईल, कॅमेरा कुठे जात नाही. ईबेवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर व्यवहार रद्द करता येतो. मग दुसऱ्याला विचारताना १,८५० मागायची मुभा आहे, पण खोट्या बोलीने चढलेली किंमत त्या बिचाऱ्याच्या माथी मारणं बरं नाही. त्याला १,४५० लाच द्यावा.

मोठ्या रकमेला हे गणित लागू नाही. बँका जप्त मालमत्तेचा लिलाव करतात तेव्हा माणूस पारखत बसत नाहीत, अनामत घेतात, आणि बोली जिंकणाऱ्याकडून २५ टक्के लगेच भरून घेतात. ग्रुपमध्येही महाग वस्तूसाठी नव्या सभासदाकडून अनामत किंवा दोन जुन्या सभासदांची ओळख मागावी. त्यात अपमान नाही. मात्र ही अट लिलाव सुरू होण्याआधी लिहिलेली हवी. मध्येच घातलेली अट म्हणजे नव्याला हाकलणं.

(दृश्य: बँकेच्या ॲपमधला जमा-नोंदींचा पडदा.)

खरा धोका पैशांच्या वेळी असतो. यूपीआयने पैसे घेताना पिन लागत नाही, कधीच नाही. क्यूआर स्कॅन करायचा तो पैसे देणाऱ्याने. पैसे तुम्हाला येणार आहेत आणि पिन तुम्हालाच मागितला जातोय, तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. जमा झाल्याचा एसएमएसही साध्या मोबाइल नंबरवरून कुणीही धाडू शकतो. बँकेचं ॲप उघडा आणि तिथली नोंद बघा.

आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव बघा. बोली एकाची, पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून, असं असेल तर माल थांबवा. तो पैसा दुसऱ्या कुणाचा लुटलेला निघाला, तर माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात. रकमेवर होल्ड लागतो, कधी अख्खं खातं गोठतं, आणि कॅमेरा तोवर गेलेला असतो. ‘चुकून १,९०० ऐवजी १९,००० गेले, जास्तीचे परत करा’ हा याचाच भाऊ. आधी खरंच जमा झालेत का ते बघा, आणि झाले असले तरी स्वतः परत पाठवू नका, बँकेला लिहून कळवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा. उशीर होईल तसे ते पुढच्या खात्यांत सरकत जातात.

परदेशी गिऱ्हाइकाच्या बाबतीत पत्ता बघा. अमेरिकेतल्या डेलावेअर किंवा ओरेगन राज्यातलं गोदाम दिसलं म्हणून दचकू नका. तिथे विक्रीकर नाही, म्हणून माल पुढे पाठवणाऱ्या कंपन्या तिथे पत्ते देतात. पण पैसे दिल्यावर मेसेजमधून ‘या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ असं आलं, तर ऑर्डर रद्द करून योग्य पत्त्यावर नव्याने घ्यायला सांगा. ऑर्डरवरचा पत्ता सोडला की ईबेकडून विक्रेत्याला मिळणारं संरक्षण संपतं.

(दृश्य: कॅमेरा खोक्यात ठेवणारे हात. मग रावपुऱ्यातलं पोस्ट.)

पॅकिंगचा एकसलग व्हिडिओ करा. शटर पडताना, भिंग उजेडात धरलेलं, केसच्या शिलाईवरचा तो एक ओरखडा, मग खोकं, चिकटपट्टी, आणि शेवटी स्पीड पोस्टचा १३ अक्षरी नंबर. बदललेला कॅमेरा परत आला तर ओळखायला तो ओरखडाच कामाला येतो. परतीची मुदत संपेपर्यंत हा व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका.