सेंट लुईस ब्लूजमधला गंधार

श्रोतेहो, नमस्कार.

घरात पेटी असेल तर पांढरी पाचचा सा धरा. आता गंधाराकडे चला. कोमल गंधार येतो काळ्या पट्टीवर, आणि तिला लागून उजवीकडे असलेल्या पांढऱ्या पट्टीवर शुद्ध गंधार. या दोन पट्ट्यांच्या मधे एक जागा आहे. गळ्याला ती सापडते, सारंगीला सापडते, पेटीला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने काळ्या लोकांचं जे ब्लूज, म्हणजे दुःखाचं गाणं, गायलं गेलं, त्याचा गंधार याच जागेत नांदतो. तो ना धड कोमल, ना धड शुद्ध, आणि एका जागी स्थिरही नाही.

हा गंधार कागदावर उतरवून बाजारात आणणाऱ्यांमध्ये सगळ्यात यशस्वी ठरला डब्ल्यू. सी. हँडी. त्याचं १९१४ सालचं गाणं, ‘सेंट लुईस ब्लूज’, हा आजच्या भाषणाचा विषय.

हँडी १८७३ साली अलाबामा राज्यातल्या फ्लॉरेन्स गावात जन्मला. तो कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटच्या जातीचं तोंडाने फुंकायचं वाद्य, वाजवायचा, बँड चालवायचा आणि त्याला स्वरलेखन पक्कं येत होतं. हे शेवटचं महत्त्वाचं. ब्लूज गाणाऱ्यांना लिहून ठेवण्याची गरज नव्हती, आणि लिहू शकणाऱ्या बहुतेकांना ते गाणं लिहिण्याच्या लायकीचं वाटत नव्हतं. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना हँडीने एक माणूस ऐकला. तो गिटारच्या तारांवर सुरीचं पातं दाबून, घसरवत वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा म्हणत होता. ओळ होती दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दल. सुरीने घसरणारा तो सूर हँडीच्या कानात राहिला. आपल्याकडे मींड म्हणतात तिचा हा चुलत भाऊ, फक्त राहणीने जरा रांगडा.

हँडीला पुढे ‘ब्लूजचा जनक’ म्हटलं गेलं, त्याच्या आत्मचरित्राचं नावही तेच आहे. बिरुद अतिशयोक्त आहे. ब्लूज त्याच्या आधीपासून होतं, आणि छापील ब्लूजमध्येही तो पहिला नव्हता. १९१२ सालीच ‘डॅलस ब्लूज’ त्याच्या पहिल्या छापील ब्लूजच्या काही महिने आधी बाजारात आलं होतं. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्ये एका मासिकाला पत्र लिहून हँडीच्या या मानावर जाहीर हल्ला चढवला. जनक म्हणू नये हे खरं, पण सांधेकरी म्हणावं. वेगवेगळ्या लाकडाचे तुकडे जोडून शिवण दिसू न देणारा सुतार असतो, तसा.

त्याचं पहिलं गाजलेलं ब्लूज ‘मेम्फिस ब्लूज’, १९१२ सालचं. त्याचे हक्क त्याने अवघ्या ५० डॉलरना विकून टाकले. गाणं नंतर तुफान चाललं आणि पैसा दुसऱ्यांच्या खिशात गेला. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात २८ वर्षांनी हक्कांचं नूतनीकरण व्हायचं, त्यामुळे ते हँडीकडे परतले थेट १९४० मध्ये. एकदा हात पोळल्यावर त्याने हॅरी पेस या भागीदाराबरोबर स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. ‘सेंट लुईस ब्लूज’ सप्टेंबर १९१४ मध्ये तिथूनच निघालं, आणि म्हणूनच त्याची कमाई हँडीला जन्मभर मिळत राहिली.

गाण्यातली बाई काय म्हणते? मावळतीचा सूर्य मला बघवत नाही, कारण माझा माणूस गाव सोडून गेला. आज वाटतंय तसंच उद्या वाटलं तर मीही ट्रंक भरून निघेन. मग सवत येते: सेंट लुईस शहरातली, हिऱ्यांच्या अंगठ्यांची, पावडर लावणारी आणि विकतचे केस माळणारी. आणि शेवटी तक्रार: त्याचं काळीज म्हणजे समुद्रात फेकलेला धोंडा. धोंड्याची ही उपमा हँडीची नाही. तरुणपणी सेंट लुईसमध्ये कफल्लक अवस्थेत फिरताना, अडखळत चाललेल्या एका बाईच्या तोंडून त्याने ती ऐकली होती.

आता रचना. इथे जरा सावकाश जाऊ, कारण गाण्याची सगळी करामत इथेच आहे.

चार मात्रांचा एक बार धरा. चार बारांची एक ओळ, म्हणजे १६ मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. अशा तीन ओळी म्हणजे १२ बारांचं एक कडवं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ उत्तराची. ‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये अशी दोन कडवी येतात, मग १६ बारांचा एक वेगळाच तुकडा, मग पुन्हा १२ बार. बेरीज केली तर ५२ बार, २०८ मात्रा, तीनतालाची बरोब्बर १३ आवर्तनं.

१२ बारांच्या कडव्याखाली तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गुच्छ, पुरतात. घरचा कॉर्ड सा-ग-प. दुसरा म-ध-सा. तिसरा प-नि-रे. पहिल्या ओळीत पहिला बार घरी, दुसऱ्या बारात मध्यमाच्या कॉर्डवर एक फेरी, मग दोन बार पुन्हा घरी. दुसरी ओळ: दोन बार मध्यमावर, दोन बार घरी. तिसरी ओळ पंचमाच्या कॉर्डवर सुरू होते आणि शेवटच्या दोन बारांत घरी पोचते. नवशिके पहिल्या ओळीत फसतात. इतर अनेक ब्लूजमध्ये चारही बार घरच्या कॉर्डवरच बसतात, त्या सवयीने इथेही बसून राहतात, आणि दुसऱ्या बारात गायकाचा सूर कॉर्डशी भांडायला लागतो.

दुसरी चूक गाणाऱ्याची. ओळीचे शब्द १६ मात्रा भरून टाकायचे नाहीत. साधारण दहाव्या मात्रेपर्यंत शब्द संपवायचे आणि उरलेल्या सहा मात्रा सोडून द्यायच्या. ती जागा जबाब देणाऱ्या वाद्याची. जबाबाचं वाद्य नसेल तर त्या मात्रा रिकाम्या राहू द्याव्यात, पण शब्द ताणून त्या बुजवू नयेत. भजनात टाळकऱ्यांनी उचलायची ओळ बुवांनीच गाऊन टाकली तर जसं वाटेल तसं ते वाटतं.

आणि गंधार. पेटीवर तो कसा काढायचा? काळ्या पट्टीवर बोट ठेवून लगेच खाली, शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर घसरवायचं. दोन्ही सूर क्षणभर एकमेकांत मिसळले पाहिजेत. पांढरी पाच किंवा पांढरी एक घेतली तर हे सहज जमतं, कारण दोन्हीत कोमल गंधार काळा आणि शुद्ध गंधार पांढरा. काळी एकमध्ये दोन्ही गंधार पांढऱ्यांवर येतात, बोट घसरत नाही, उडी मारतं, आणि सगळी मजा जाते. हँडीने हे गाणं पांढरी पाचमध्येच, म्हणजे जी मेजरमध्ये छापलं होतं.

आता तो मधला १६ बारांचा तुकडा. सवतीचं वर्णन याच तुकड्यात येतं, आणि ती आल्याबरोबर गाणं कपडे बदलतं. सा तोच राहतो, पण गंधार सरळ कोमल होतो. न घसरणारा, पाश्चात्त्य मायनरमधला. सा-कोमल ग-प आणि प-नि-रे या दोन कॉर्डांची आलटापालट हा त्याचा मुख्य सांगाडा. खाली चालते क्युबाची लय, हबानेरा. एका बारात आठ हलके घाव मोजा: पहिला, चौथा, पाचवा, सातवा वाजवायचा. बोलात म्हणायचं तर: धा ऽ ऽ धा धा ऽ धा ऽ. हात चौथ्याऐवजी तिसऱ्यावर पडला की हबानेरा संपून कवायतीचा बँड सुरू होतो. पाचवा घाव गाळला तर लय डुलत राहते, पण बोजड पायाची ती ठसक जाते.

क्युबा इथे आला कुठून? १९०० साली हँडी मिन्स्ट्रेल म्हणजे गाण्या-विनोदाचे खेळ करणाऱ्या एका फिरत्या कंपनीबरोबर क्युबाला जाऊन आला होता. शिवाय १९१४ मध्ये अमेरिकेत टँगोचं वेड शिगेला होतं, आणि टँगो व हबानेरा एकाच घरातले. हँडीने पुढे मोकळेपणाने लिहिलं आहे की त्याने नाचणाऱ्यांना फसवलं: प्रस्तावनेला टँगो वाजवायचा, जोड्या ऐटीत पावलं टाकायला लागल्या की मधेच तोडून सरळ ब्लूजमध्ये उतरायचं. शेवटच्या १२ बारांसाठी त्याने १९१३ मधल्या स्वतःच्याच ‘जोगो ब्लूज’ची चाल वापरली. टाकाऊतून टिकाऊ.

म्हणजे एकाच गाण्यात एकच गंधार तीन रूपांत: कडव्यात घसरणारा, मधल्या तुकड्यात ठाम कोमल, आणि खालच्या मेजर कॉर्डात बसलेला शुद्ध. मधल्या तुकड्यातला गंधार तुम्ही कडव्यातल्यासारखाच घसरवलात, तर हा फरक पुसला जातो आणि सवत व नायिका एकाच आवाजात बोलू लागतात. पुढच्या शंभर वर्षांत हे गाणं ज्यांनी ज्यांनी घेतलं, त्यांना या तुकड्याचं काय करायचं ते ठरवावंच लागलं.

पहिली ध्वनिमुद्रिका १९१५ ची, कोलंबिया कंपनीच्या प्रिन्सेस ऑर्केस्ट्राची, निव्वळ वाद्यांची. रंगमंचावर एथेल वॉटर्सने ते १९१७ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये गायलं. गोऱ्या गायिकांपैकी मॅरियन हॅरिसची तबकडी १९२० मध्ये आली.

पण या गाण्याची ध्वनिमुद्रिका म्हटलं की जाणकार १४ जानेवारी १९२५ चं न्यूयॉर्कमधलं सत्र सांगतात. गायिका बेसी स्मिथ. कॉर्नेटवर २३ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. आणि तिसरा, फ्रेड लाँगशॉ, हार्मोनियमवर. आपल्या मांडीवरची हातभात्याची नव्हे. पायाने भाता मारायची, संगीत नाटकांच्या रंगमंचासमोर असायचा त्या ऑर्गनच्या जातीची.

मायक्रोफोन नव्हता. आवाज एका मोठ्या कर्ण्यात जायचा आणि त्याच्या कंपाने सुई मेणात रेघ कोरायची. ढोल, बास अशी वाद्यं या पद्धतीत नीट उतरत नसत, जोरात वाजली तर सुईच उडायची. कोलंबियाने विजेवरचं मुद्रण काही आठवड्यांतच सुरू केलं. हे सत्र जुन्या पद्धतीच्या अगदी शेवटी झालेलं.

या तबकडीत हबानेरा जवळपास नाहीच. कारण ऐकताना कळतं. हार्मोनियमचं रीड हवेने बोलतं, त्याला आवाज धरायला किंचित वेळ लागतो, पियानोसारखा ठोका त्यात नाही. धा ऽ ऽ धा हा घाव त्यावर बोथट होईल. लाँगशॉने तो नादच सोडला आणि लांब, धरून ठेवलेले कॉर्ड दिले. बेसीने लय इतकी उतरवली की १० इंची तबकडीच्या एका बाजूवर, सुमारे तीन मिनिटांत, ते ५२ बार एकदाच बसले. वेगळा वाद्यतुकडा नाही, पुनरावृत्ती नाही, उडवायला एक बारही नाही.

पेटीच्या स्थिर स्वरांची तक्रार आपल्याला नवी नाही. याच आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं होतं, आणि ते किलकिलं व्हायला तीसेक वर्षं लागली. इथे मात्र तोच दोष कामाला येतो. पेटीचा शुद्ध गंधार खुंटीसारखा ठोकलेला आहे म्हणूनच बेसीचा गंधार त्याच्यापासून किती खाली लोंबतोय ते ऐकू येतं. आधार हलला असता तर लोंबणं कळलं नसतं. आर्मस्ट्राँग त्या सहा-सहा मात्रांत जबाब देतो, आणि बेसीने सूर जिथे टाकला तिथूनच बहुतेकदा उचलतो. दोन तरबेज कलावंतांत कोण कोणाला वरचढ ठरतंय असा प्रश्न या तीन मिनिटांत अनेकांना पडतो. मला बेसीचंच पारडं जड वाटतं, कारण सूर कमी वापरून ती जास्त सांगते.

आर्मस्ट्राँगने डिसेंबर १९२९ मध्ये हेच गाणं स्वतःच्या नावाने मुद्रित केलं आणि तिथे हबानेराला मानाने पुढे बसवलं. मग बँड चौखूर उधळतो. पुढे लाँगप्ले तबकडीचा काळ आला, तेव्हा १९५४ मध्ये त्याने ते जवळजवळ नऊ मिनिटं वाजवलं. बेसी १९२९ मध्ये याच नावाच्या सुमारे १६ मिनिटांच्या बोलपटात दिसली. पडद्यावरचं तिचं हे एकमेव काम. अमेरिकन कादंबरीकार फॉकनरच्या एका कथेचं नाव गाण्याच्या पहिल्या ओळीतल्या मावळत्या सूर्यावरून आलं. दुसऱ्या महायुद्धात ग्लेन मिलरच्या वायुदलाच्या बँडने त्याचं चक्क संचलनगीत केलं. १९६७ मध्ये सेंट लुईस शहराला आइस हॉकीचा संघ मिळाला, त्याचं नाव ‘ब्लूज’. घर सोडून गेलेल्या नवऱ्याच्या गाण्यावरून खेळाडूंचा संघ, हाही एक नमुनाच. हँडी मार्च १९५८ मध्ये गेला. त्याच्या आयुष्यावरचा, नॅट किंग कोलने काम केलेला चित्रपट पुढच्याच महिन्यात लागला.

आता ती १९२५ ची ध्वनिमुद्रिका ऐकू. खरखर आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा. सुरुवातीला कॉर्नेट आणि हार्मोनियम एकच लांब सूर धरतात आणि बेसी थेट पहिल्या ओळीवर येते. दोन कडवी मोजा. तिसऱ्या वेळी पेटीचा रंग काळवंडला की समजा, सेंट लुईसची बाई आली.