वेदी गेली, टेबल आलं

हे डीयरहर्स्टचं चर्च, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचं, सेव्हर्न नदीजवळ. भिंती हजार वर्षांपेक्षा जुन्या आहेत, पण आपल्याला बघायचंय ते हे साधं लाकडी टेबल. याच्या बाजूंना बाक आहेत आणि मागेसुद्धा, भिंतीला लागून. म्हणजे लोक प्रभुभोजनाला, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, येऊन या टेबलाभोवती बसायचे. ही मांडणी सतराव्या शतकातली, आणि इंग्लंडात अशी चर्चेस आता फार थोडी उरलीत.

शंभर वर्षं आधी इथे कोणी असं बसलं नसतं. तेव्हा पूर्वेच्या भिंतीला दगडी वेदी असायची, धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभा, मिस्सा, म्हणजे याच विधीची जुनी कॅथलिक उपासना, लॅटिनमधून आणि त्यातला बराचसा भाग तर पुटपुटत. घंटा वाजली की लोक मान वर करून बघायचे, कारण तेव्हा भाकर उंच धरली जायची, आणि बहुतेकांसाठी ते बघणं हीच उपासना. प्रत्यक्ष भाकर मिळायची ती साधारण वर्षातून एकदा, ईस्टरला, आणि प्याला तर नाहीच.

इंग्लंडातल्या धर्मसुधारणेच्या चळवळीत हे बदललं थॉमस क्रॅन्मरने. १५३३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झालेला, अभ्यासू, सावध माणूस. आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले ते राजकारण सगळ्यांना माहीत असतं, त्यात आपण जात नाही. क्रॅन्मरचं काम खरं सुरू झालं १५४७ नंतर, नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला तेव्हा.

त्याच्या विचाराची साखळी नीट बघा. माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो फक्त विश्वासाने, स्वतःच्या पुण्यकर्मांनी नाही. का, तर ख्रिस्ताने वधस्तंभावर जे अर्पण केलं ते एकदाच आणि पुरेसं होतं. मग धर्मगुरूने जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठी ते पुन्हा पुन्हा अर्पण करायचं कारणच उरत नाही, आणि अर्पणच नाही तर वेदी कशाला? लंडनचा बिशप निकोलस रिडली तर सरळ म्हणायचा की वेदी यज्ञाला लागते, जेवायला टेबल. १५५० च्या नोव्हेंबरात आदेश निघाला आणि देशभर दगडी वेद्या निघाल्या, टेबलं आली.

क्रॅन्मरचं पुस्तक या आदेशाच्या आधीच आलं होतं. ९ जून १५४९, पेंटेकॉस्ट या सणाचा रविवार, त्या दिवसापासून सगळ्या इंग्लंडात एकच इंग्रजी प्रार्थनापुस्तक. बायबलमधली स्तोत्रसंहिता महिन्यातून एकदा पूर्ण वाचायची, सकाळ-संध्याकाळ वाटून, जुना करार वर्षातून जवळजवळ सगळा, नवा करार तीनदा. आणि हे भिक्षूंसाठी नाही, गावातल्या चर्चसाठी, लोकांना ऐकू येईल असं मोठ्याने. मला विचाराल तर या सगळ्या चळवळीतलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, रोज कानावर पडून पडून माणसं आपल्या बोलीत शास्त्र पाठ करू लागली.

आता हे पान. १५४९ मध्ये भाकर देताना म्हणायचं, आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचं शरीर, जे तुझ्यासाठी दिलं गेलं, ते तुझ्या देहाचं आणि आत्म्याचं सार्वकालिक जीवनासाठी रक्षण करो. तीन वर्षांनी, १५५२ च्या पुस्तकात, ते वाक्यच काढलं आणि त्याजागी आलं: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण म्हणून हे घे आणि खा, आणि आपल्या अंतःकरणात विश्वासाने, उपकारस्तुती करत, त्याच्यावर पोषण पाव. म्हणजे ख्रिस्त मिळतो, पण मिळतो तो अंतःकरणात, विश्वासाने. भाकरही घरात खातात तशीच गव्हाची चालेल, फक्त चांगल्यातली चांगली.

विरोध झाला. डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड उठलं, कॉर्निश लोक म्हणाले आमच्यातल्या काहींना इंग्रजीही कळत नाही, आणि ते बंड हजारो माणसं मारून मोडलं गेलं. भिंतींवरची जुनी चित्रं चुन्याखाली गेली.

ही ऑक्सफर्डची ब्रॉड स्ट्रीट, रस्त्यातच दगडांचा क्रॉस बसवलाय. एडवर्डनंतर आलेल्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात रिडली आणि ह्यू लॅटिमर यांना १५५५ मध्ये जाळलं, क्रॅन्मरला २१ मार्च १५५६ रोजी. तुरुंगात त्याने आपली मतं मागे घेतल्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, शेवटी सेंट मेरीज चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्या नाकारल्या, आणि सही करणारा उजवा हात आधी जाळात धरला.

१५५९ मध्ये, मेरीनंतरच्या एलिझाबेथ राणीच्या पुस्तकात, भाकर देतानाची ती दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ जोडली. शरीराचंही, आठवणीचंही. १६६२ च्या पुस्तकातही तसंच राहिलं, आणि ते पुस्तक चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आजही अधिकृत आहे. या चर्चच्या श्रद्धेच्या एकोणचाळीस कलमांतलं २४ वं कलम तर स्पष्ट सांगतं की लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणं देवाच्या वचनाविरुद्ध आहे.

इंग्रजांबरोबर हे पुस्तक मुंबईतही आलं, फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी उघडलं. पुढे प्रार्थनापुस्तक मराठीत झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा आपल्याकडच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळ्या मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट अशा इतर मंडळ्यांबरोबर एका चर्चमध्ये आल्या.