समतोल कळतो तो ढकलल्यावर

दांडीचा तराजू. दोन्ही पारडी रिकामी, काटा मध्यावर. समतोल म्हटलं की हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण हा समतोल कसला आहे ते नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी पारड्याला बोट लावावं लागतं.

बोट लावताच दांडी हेलकावे खाते आणि पुन्हा आडवी होते. दांडी-पारड्यांचा गुरुत्वमध्य, म्हणजे त्यांचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, टेकूच्या किंचित खाली ठेवलेला असतो. दांडी कलली की तो वर उचलला जातो, आणि स्वतःचं वजनच तिला जागेवर आणतं. हा स्थायी समतोल. गुरुत्वमध्य टेकूच्या वर गेला, तर दांडी कलंडते ती परत येत नाही. फार खाली ठेवला, तर बारीक फरकाला तराजू दाद देत नाही. सोनाराच्या काट्यात हे अंतर म्हणूनच अगदी कमी असतं. हेलकावे थांबायला मग वेळ लागतो, तो द्यायलाच हवा.

आणि दांडीची एक बाजू लांब असेल, तर काटा मध्यावर असूनही माप खोटं. माल आणि वजनं यांची पारडी बदलून पाहा, खोट लगेच उघडी पडते.

रसायनातला समतोल वरून शांत, आत मात्र अखंड ये-जा. सोड्याच्या बंद बाटलीत जितका कार्बन डायऑक्साइड पाण्यातून सुटतो, तितकाच परत विरघळतो. झाकण उघडून दाब उतरला, की परतणारा वायू कमी पडतो आणि फसफस सुरू होते.

समतोलाला धक्का दिला, की त्या धक्क्याचा परिणाम कमी होईल अशा बाजूला तो सरकतो, हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडला. अमोनियाचे कारखाने याच नियमावर चालतात, मग तो जर्मनीतल्या ओपाउचा १९१३ चा असो की अलिबागजवळच्या थळचा. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन, अशा चार रेणूंपासून अमोनियाचे दोनच होतात. म्हणून दाब वाढवला की पारडं अमोनियाकडे झुकतं. हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब त्यासाठीच. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, तेव्हा तापमान जितकं कमी तितका अमोनिया जास्त. पण कमी तापमानात अभिक्रिया रेंगाळते. म्हणून ४०० ते ५०० अंश सेल्सिअसची तडजोड, आणि सोबत लोखंडाचा उत्प्रेरक. उत्प्रेरक समतोलाची जागा हलवत नाही, तिथवर लवकर पोचवतो एवढंच.

इतकं करूनही एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात, उरलेला वायू पुन्हा आत सोडतात, आणि ही फेरी अखंड चालू ठेवतात.