मोरोविंडचं धुकं

[दृश्य : शंभर पानी वही. निळ्या शाईतलं, थोडं घाईचं अक्षर.]

"बालमोरातून दक्षिणेला बाहेर पडायचं. फोर्ट मूनमॉथची पाटी दिसली की पूर्वेला वळायचं. पूल ओलांडायचा आणि लगेच किल्ल्याच्या कडेने डोंगर चढायचा. माथ्यावर राखेच्या दरीवरून जाणारा जुना पूल आहे. पलीकडे दार. जवळच्या नळीवरची दांडी फिरवली की दार उघडतं."

ही वही 2004 सालची आहे. अक्षर माझं, पण रस्ता मला हॅसफॅट अँटाबोलिस नावाच्या एका जाणत्या माणसाने सांगितला. तो एका गेममध्ये राहतो. त्याने इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत उतरवून घेतलं, कारण त्या गेममध्ये कुठे जायचं हे दाखवणारा बाण नव्हता. ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि चालायला लागायचं.

मामा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने तो खोका आणला होता. आत सीडी, एक पुस्तिका आणि एका बेटाचा कागदी नकाशा. घडी घालून घालून तो नकाशा मधोमध फाटला, आईने मागून चिकटपट्टी लावून दिली. वहीची शेवटची अकरा पानं मात्र कोरीच राहिली. बारावीचं वर्ष आलं आणि खोका माळ्यावर गेला.

[दृश्य : काळा पडदा. नगाऱ्यांचा हळू ठेका. मग समुद्र.]

'द एल्डर स्क्रोल्स 3 : मोरोविंड'. मे 2002. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या रॉकव्हिल गावी असलेल्या बेथेस्डा कंपनीने ती केली. त्याआधी 1996 मध्ये याच मालिकेत 'डॅगरफॉल' आली होती. तिचा भूप्रदेश अफाट, पण त्यातला बहुतेक भाग संगणकाने नियम लावून आपोआप उभा केलेला. हजारो गावं, आणि बरीचशी एकमेकांसारखी. पुढचे दोन गेम फारसे खपले नाहीत. कंपनी बुडायच्या बेतात होती. अशा वेळी टॉड हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली एका छोट्या चमूने उलटा रस्ता धरला. प्रदेश लहान करायचा, एकच बेट घ्यायचं, आणि ते हाताने घडवायचं.

त्या बेटाचं नाव व्हार्डेनफेल. मध्यभागी एक ज्वालामुखी, त्यातून उडणारी राख. युरोपातले किल्ले, हिरवी कुरणं, शेपटीवाले ड्रॅगन, असलं नेहमीचं तिथे काही नाही. एक सरदार घराणं महाकाय खेकड्याच्या रिकाम्या कवचात राहतं. जादूगारांचं घराणं मनोऱ्याएवढ्या अळंब्यांमध्ये राहतं आणि त्या मनोऱ्यांना जिने नाहीत. उडता येत असेल तर वर या, नाहीतर खालीच थांबा. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर सिल्ट स्ट्रायडर नावाचा उंच पायांचा, घराएवढा किडा. त्याच्या पोखरलेल्या पाठीत बसायचं. दक्षिणेला पाण्यावर उभं असलेलं एक मोठं शहर आहे, त्याचं नाव विवेक. नाव तिथल्या देवाचं आहे, आपल्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. पण वहीत 'विवेक, पूर्वेला' असं लिहिताना मला दर वेळी बरं वाटायचं.

सुरुवातीला तुम्ही कैदी असता. जहाजातून सेयडा नीन नावाच्या दलदलीतल्या खेड्यात उतरवतात, जनगणना आणि अबकारीच्या कचेरीत नाव लिहून घेतात आणि सोडून देतात. गावाबाहेर रस्त्याला लागलं की वरून किंकाळी ऐकू येते. एक माणूस आकाशातून पडतो आणि तुमच्यासमोर मरतो. त्याच्याजवळ तीन कागद सापडतात. ती उडी मारायची जादू आहे. त्यातली एक वाचली की उडी मारण्याचं कौशल्य 7 सेकंदांसाठी 1000 अंकांनी वाढतं. तुम्ही उडी मारता, अर्धं बेट पायाखालून जातं आणि हवेत असतानाच 7 सेकंद संपतात. पुढचं त्या मेलेल्या माणसाला माहीत होतं. कुणी समजावून सांगत नाही. मी समुद्रात पडले म्हणून वाचले. दुसऱ्यांदा कळलं, की जमिनीला टेकायच्या आत दुसरा कागद वाचायचा.

[दृश्य : आजच्या मोठ्या पडद्यावर जुना गेम. टोकदार चेहरे, पुसट दगड.]

मागच्या वर्षी माळा आवरताना खोका सापडला. सीडीची गरज उरली नव्हती, गेम आता डाउनलोड करून विकत मिळतो. रात्री जेवण झाल्यावर सुरू केला. संगीत लागलं, जेरेमी सोल यांचं, आणि अंगावर काटा आला. मग चित्र आलं. हाताचे पंजे लाकडी ठोकळ्यांसारखे. दगडाची भिंत म्हणजे पसरवलेला एक पुसट फोटो. आणि सगळीकडे धुकं. पन्नास-शंभर पावलांपलीकडे जग संपत होतं.

मग मी करायला लागले ते सगळेच करतात. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये फेरफार करायला बनवलेल्या फायली, लावायला घेतले. नवे चेहरे, नवे दगड, नवी झाडं, गवत, पाण्यावरची चमक, दूरवरचं दिसण्याची सोय. पहिल्या आठवड्यात साठेक मॉड झाले असतील.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मॉडिंगचं मर्म तिच्यात आहे. हा गेम म्हणजे नोंदींची एक प्रचंड यादी आहे. हा दगड इथे, हे दार तिथे, या माणसाचा चेहरा असा. मॉड ही सुद्धा नोंदींचीच फाइल. मूळ यादीवर ती आपली यादी ठेवते. दोन मॉडनी एकच नोंद बदलली, तर जो नंतर लोड होतो त्याचं चालतं. म्हणून लोड ऑर्डर, म्हणजे कोण आधी आणि कोण मागून, हे लावत बसणं हा अर्धा खेळ आहे. आणि दोघांनी वेगवेगळ्या नोंदी एकाच जागेवर टाकल्या, तर दोन्ही राहतात.

[दृश्य : बालमोरा. एका घराच्या छतातून वर आलेलं झाड.]

हे बालमोरा. गावाच्या मधून ओडाई नदी वाहते. एका मॉडने नदीकाठी झाडं लावली होती. दुसऱ्याने तिथेच दोन घरं बांधली होती. दोघांनीही मनापासून काम केलं होतं, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. झाडाचं खोड घराच्या भिंतीतून आत शिरून छतातून बाहेर आलेलं. मी त्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग एकेक मॉड बंद करून कोणाचं झाड, कोणाचं घर ते शोधलं. त्यात रविवार गेला, आणि तो रविवार मला आवडला.

[दृश्य : टेकडीवरून संपूर्ण बेट. स्वच्छ हवा.]

सगळं जुळून आल्यावर सेयडा नीनच्या मागच्या टेकडीवर चढले. धुकं काढून टाकलेलं. दूरवर विवेक शहराचे ठोकळे, दुसऱ्या बाजूला ज्वालामुखी. एवढं स्वच्छ चित्र मी या गेममध्ये कधी बघितलं नव्हतं. आणि पोटात खड्डा पडला.

बेट लहान होतं. ज्या प्रवासासाठी मी वहीची दोन पानं भरली होती तो एका नजरेत मावत होता. ज्वालामुखी तर परसातल्या उकिरड्याएवढा जवळ वाटत होता. लहानपणी जी जागा अथांग होती ती अथांग कधीच नव्हती. धुक्याने ती तशी केली होती.

धुकं होतं ते नाइलाजाने. त्या काळच्या यंत्रांना एका वेळी फार काही दाखवणं झेपत नसे. पहिल्या एक्सबॉक्समध्ये, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रात, सगळी मिळून 64 एमबी मेमरी होती. मेमरी भरली की कधीकधी लोडिंगच्या पडद्यामागे अख्खं यंत्र गुपचूप रीबूट करायचे आणि खेळणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही, असं टॉड हॉवर्ड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. पण या नाइलाजाभोवती त्यांनी गेम बेतला. रस्ते वळणावळणाचे केले, मध्ये डोंगर घातले, चालणं संथ ठेवलं. लोक रस्ता सांगतात तो खुणांनी सांगतात, जसं आपल्याकडे गावात 'वडापासून डाव्या हाताला' सांगतात. पुढचं दिसत नाही म्हणूनच ती खूण उपयोगी पडते.

मी धुकं परत आणलं. अगदी मूळचं नाही, थोडं विरळ. बाण दाखवणारे मॉड काढले. भराभर पळायचा मॉड काढला.

एक मॉड काढताना मात्र मी अडले. मोरोविंडमध्ये तलवार समोरच्याच्या अंगातून जाताना दिसते, तरी वार लागत नाही, कारण आतमध्ये फासे पडत असतात. कौशल्य कमी, दम लागलेला, तर वार हुकणार. नव्याने खेळणारे इथेच वैतागून गेम सोडतात आणि त्यांचा राग मला समजतो. प्रत्येक वार लागेल असं करणारे मॉड आहेत. मी लावून पाहिला. पहिल्या तासाला मजा आली. पण दहाव्या तासाला माझी योद्धी पहिल्या तासासारखीच लढत होती. उंदराला मारता न येणारी बाई पुढे देवांसमोर उभी राहते, ही या गेमची गोष्ट आहे. ती मला हवी होती. फासे ठेवले. दम राखायचा, पळत जाऊन वार करायचा नाही, हे शिकलं की ते तितके छळतही नाहीत.

[दृश्य : कन्स्ट्रक्शन सेट. राखाडी खिडक्या, लांबलचक याद्या.]

हे सगळं करता येतं ते एका निर्णयामुळे. बेथेस्डाने गेमबरोबरच कन्स्ट्रक्शन सेट खोक्यात दिला. ज्या हत्याराने त्यांनी बेट घडवलं तेच. 2004 मध्ये मी ते उघडून घाबरून बंद केलं होतं. या वेळी उघडलं आणि यादीतून सेयडा नीनचं दुकान निवडलं. अरिलचं दुकान. खिडकीत ते बाहुलीघरासारखं उघडं पडलं. फळीवरचा पेला निवडला. त्याची जागा तीन आकड्यांत, त्याचा कल आणखी तीन आकड्यांत. म्हणजे कुणीतरी हा पेला उचलून इथे ठेवला आणि किंचित फिरवला, भिंतीला समांतर दिसू नये म्हणून. शेजारची बाटली तशीच. खालची पोती तशीच. हा पेला मी शेकडो वेळा ओलांडून गेले होते.

तिथे मी एक चूकही केली. बघताना कुठेतरी माउसचा धक्का लागला असणार. माझ्या छोट्याशा मॉडमध्ये, ज्यात फक्त एक दिवा लावायचा होता, एक दगडही सरकल्याची नोंद जाऊन बसली. असल्या नको त्या नोंदींना मॉडर मळ म्हणतात आणि मॉड प्रसिद्ध करण्याआधी तो धुऊन काढतात. कन्स्ट्रक्शन सेट स्वतःही मळ करतो. ट्रिब्युनल आणि ब्लडमून या दोन विस्तारांमधल्या 72 सेटिंग्ज तो काही वेळा न विचारता मॉडला चिकटवतो. लोकांनी त्या एकेक करून ओळखल्या, याद्या केल्या, धुणारी साधनं लिहिली आणि फुकट वाटली.

[दृश्य : तोच गेम, एका साध्या लॅपटॉपवर, लिनक्सवर.]

याहून मोठं काम ओपनएमडब्ल्यूचं. 2008 पासून जगभरचे स्वयंसेवक मोरोविंडचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, नव्याने लिहीत आहेत. कंपनीचा कोड त्यांच्याकडे नव्हता. गेम कसा वागतो ते बघून, तसंच वागणारं दुसरं यंत्र त्यांनी बांधलं. बेटाच्या फायली तुम्ही विकत घेतलेल्या गेममधून घ्यायच्या, इंजिन त्यांचं वापरायचं. त्यामुळे हा गेम आज लिनक्सवर चालतो, मॅकवर चालतो. सुरुवातीला त्यांनी डी नावाच्या भाषेत लिहिलं, पुढे सगळं सी प्लस प्लसमध्ये पुन्हा लिहिलं. ते चालू असताना नव्याकोऱ्या चकचकीत गेमांची किती लाट येऊन गेली असेल!

त्यांचा कोड उघडा आहे म्हणून मी एक स्वप्नही पाहते. मोरोविंडच्या मूळ फायलींमध्ये एका अक्षराला एक बाइट आहे, म्हणजे जास्तीत जास्त 256 चिन्हं. पश्चिम युरोपीय, मध्य युरोपीय आणि रशियन अशा तीन लिपिसंचांची सोय आहे. देवनागरी त्यांत बसत नाही. आपली जोडाक्षरं, वेलांट्या, रफार यांचा विचार त्या फायलींनी कधी केलाच नाही. हॅसफॅटला मराठीत बोलायला लावायचं तर इंजिनपासून सुरुवात करावी लागेल. माझ्या एकटीच्या हातचं ते काम नाही. पण वहीत तो मराठीत बोललेलाच आहे.

[दृश्य : जहाज. पाणी. समोर काहीच दिसत नाही.]

आणि टॅम्रिएल रीबिल्ट. मोरोविंड हा खरं तर एक मोठा प्रांत आहे आणि गेममधलं बेट त्याचा केवळ मधला तुकडा. उरलेला मुख्य भूभाग आपण बांधू, असं काही जणांनी गेम बाजारात येण्याआधीच ठरवलं. ते आजही बांधत आहेत. एकेक प्रदेश पुरा झाला की तो सगळ्यांसाठी खुला करतात. मे 2025 मध्ये आलेल्या भागात नार्सिस नावाचं अख्खं शहर आहे. तिथेही बाण नाहीत. तिथलेही लोक रस्ता खुणांनी सांगतात.

त्या लोकांमध्ये सुरुवात केलेले किती उरले असतील? कुणी कॉलेजात असताना चार टेकड्या केल्या आणि नोकरी लागल्यावर थांबला. त्याच्या टेकड्यांवर दुसऱ्याने वाट काढली. वाटेवरच्या झोपडीत तिसरीने माणूस आणून बसवला आणि त्याच्या तोंडी चार वाक्यं घातली.

मी जहाजाने त्या किनाऱ्याला निघाले. ओल्ड एबनहार्ट. खोक्यातल्या कागदी नकाशावर हे बंदर नाही. पाऊस पडत होता आणि धुक्यात धक्क्यावरचे दोनच दिवे दिसत होते. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. समोरच्या माणसाला रस्ता विचारला. तो सांगायला लागला तशी मी वही ओढली, अकरा कोऱ्या पानांतलं पहिलं उघडलं आणि वर तारीख घातली.