मांजराचं तोंड उघडून बघा

नमस्कार श्रोतेहो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी गोऱ्हा घ्यायचा तर आपण आधी त्याचे दात बघतो. दोनदाती, चारदाती, जुळलेला, हे चाचपूनच भाव बोलतो. घरातल्या मांजराचं तोंड मात्र कुणी उघडत नाही.

जिंतूरकडच्या एक आजी सकाळच्या एसटीनं माझ्याकडे आल्या. टोपलीत भुरी मांजर. म्हणाल्या, "डॉक्टर, हिला दिष्ट लागली बघा. भुकेनं वाटीकडं पळत येती, तोंड लावती अन् किंचाळून माळवदावर जाती." मीठमिरच्या ओवाळून झाल्या होत्या. सुनेनं लवंगाचं तेलही काढलं होतं, पण मांजरीनं तोंडाला हात लावू दिला नाही. म्हणूनच वाचली! लवंगाचं तेल मांजराला विष आहे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. पुन्हा सांगतो, लवंगाचं तेल नको, पॅरासिटामॉल नको.

मी हलकेच ओठ वर केला. दाढांवर पिवळं कीटण, हिरडीची कड लालभडक, आणि एक दाढ मुळाशी झिजून गेलेली. ही कीड नव्हे. मांजराच्या शरीरातल्या पेशीच दात विरघळवतात, आणि ठणका फार असतो. असा दात काढावाच लागतो. आजींचे डोळे भरले. "दाढ काढल्यावर खाईल कशी ओ?" मांजर घास फारसा चावत नाही, तोडून गिळतं, हे त्यांना समजावलं. एक्स-रे घेतला, भूल दिली, दाढ काढली, बाकीचे दात साफ केले. पुढच्या आठवड्यात फोन आला, "आता माझ्या ताटाशीच बसती!"

एक सांगतो, मांजराला नुसत्या दूध-भाकरीवर ठेवणं मला पटत नाही. ते मांसाहारी जनावर आहे. माळकरी घरानंही त्याच्यासाठी अंडं उकडावं.

तर तोंडाला घाण वास, लाळ, घास खाली पडणं, एकाच बाजूनं चावणं, अंग चाटणं सोडणं यांवर लक्ष ठेवा. वास आणि लाळ, एवढं तरी ध्यानात ठेवाच. दात घासायचे तर मांजरांचीच पेस्ट घ्या, आपली नको. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं दाखवा. आणताना पोत्यात कोंबू नका. टोपलीवर सुती कापड बांधा, वारा लागू द्या.