पाठीतून किडनीपर्यंत: एक सेंटिमीटरची वाट

एक्स-रेवर हे पांढरं, सांबराच्या शिंगासारखं फांद्या फुटलेलं दिसतंय ना, हा मुतखडा आहे. अख्खा एकच. किडनीच्या आतल्या पोकळीत जिथे जागा मिळाली तिथे वाढत गेला, म्हणून त्या फांद्या, आणि हा लघवीतून आपोआप पडेल म्हणून थांबण्यात काहीच अर्थ नाही, तो जागचा हलतच नाही. वाईट हे की असा खडा कित्येकदा फारसा दुखतही नाही, आतल्या आत इन्फेक्शन चालू राहतं आणि किडनी हळूहळू कामातून जाते.

आधी यासाठी कुशीत मोठी चीर घ्यायचे. मग १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतून बारीक वाट करून खडे काढल्याचं मांडलं, तेच आजचं पीसीएनएल.

आता नीट बघा. पेशंटला भूल दिलीय, पालथं झोपवलंय, लघवीच्या मार्गाने नळी घालून किडनीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, सोडलाय, त्यामुळे स्क्रीनवर आतले कप्पे उठून दिसतायत. सर्जनच्या हातात लांब सुई. ती कुठूनही घालून चालत नाही, कप्प्याच्या टोकातूनच जायला हवी, कारण कप्प्याच्या मानेला लागून मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि हृदयातून निघणारं जवळपास पाचवा हिस्सा रक्त दोन्ही किडन्यांत येतं. माझ्या मते सगळं ऑपरेशन या सुईवर आहे. सुईतून लघवीचे थेंब आले... जमलं! मग सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करणारे एकापेक्षा एक जाड डायलेटर, आणि शेवटी जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची नळी. मिनी पीसीएनएलमध्ये साधारण त्याच्या निम्मी.

नळीतून दुर्बीण आत जाते, लेझर खड्याला टेकतो, पावडर उडते, पाण्याबरोबर वाहून जाते. मोठे तुकडे चिमट्याने. खडा दोन सेंटिमीटरच्या आतला असेल तर बऱ्याचदा छिद्रही लागत नाही, वाकणारी दुर्बीण लघवीच्या मार्गानेच वर नेतात, त्याला आरआयआरएस म्हणतात.

पण छिद्र छोटं म्हणून ऑपरेशन छोटं समजू नका. रक्तस्राव होऊ शकतो, नंतर थंडीताप येऊ शकतो, एखादी फांदी राहिली तर पुन्हा टेबलवर यावं लागतं.

आणि ही मऊ नळी, डीजे स्टेंट. बऱ्याच पेशंटना किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवतात. दुखायचं थांबलं की लोक ती विसरूनच जातात, आणि महिनोन्महिने आत राहिलेल्या स्टेंटवरच परत खडे चढतात. तो कधी काढायचा ते डिस्चार्ज घेतानाच विचारा, तारीख घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये टाकून ठेवा.