अवसेच्या रात्रींचे दिवे

श्रोतेहो, नमस्कार.

लक्ष्मीपूजन अश्विन वद्य अमावास्येला येतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण ज्यूंचा दिव्यांचा सण हनुक्काही अवसेला धरूनच येतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. तो किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो. ज्यूंचा महिना नव्या चंद्रकोरीपासून मोजतात, त्यामुळे तोवर चंद्र पार झिजलेला असतो आणि त्या आठ दिवसांत अवस हमखास येते. दिवाळीनंतर कधी पुढचीच, कधी त्यापुढची. दोन्ही पंचांगं चंद्राची, अधिक महिना दोघांतही. वर्षातल्या लांब, काळ्या रात्री दोघांनीही दिव्यांसाठी राखून ठेवल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हनुक्काची कथा इ.स.पू. १६४ मधली. ग्रीक राजा चौथा अंतिओकस याने जेरुसलेमचं ज्यूंचं मंदिर भ्रष्ट केलं होतं. यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढून ते परत मिळवलं, शुद्ध केलं. तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो, की तिथं मोहोरबंद तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरतं, पण दिवा आठ दिवस तेवला.

म्हणून दिवेही आठ. ते कसे लावायचे यावर जुन्या गुरूंचा वाद झाला. शम्मायचे शिष्य म्हणाले, पहिल्या रात्री आठ लावा, मग रोज एक कमी करा. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, एकापासून वाढवत न्या. पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. हिल्लेलचं मत टिकलं, आणि बरंच झालं.

या दिव्यांचा आणखी एक नियम आहे. त्यांच्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. दारात किंवा खिडकीत ठेवून ते नुसते बघायचे. कामापुरता उजेड मिळावा म्हणून शमाश नावाचा नववा दिवा वेगळा असतो. आपल्याकडे दिव्याला कामगिरी असते. धनत्रयोदशीला कणकेच्या दिव्याची वात दक्षिणेकडे करून तो यमासाठी ठेवतात, घरात अपमृत्यू येऊ नये म्हणून. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लक्ष्मीला वाट दाखवतात.

आता आपल्या कोकणाकडे या. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यू लोकांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. गावोगावी ते घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांना तेलाच्या चमत्काराचा हा सण मात्र ठाऊकच नव्हता! त्यावरून त्यांच्यातले काही जण म्हणतात, आमचे पूर्वज मक्काबींच्या विजयाआधीच निघाले असणार. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण मला हा तर्क सहज झटकून टाकावासा वाटत नाही. पुढे कोचीच्या ज्यूंशी संबंध वाढले, आणि हनुक्का या मराठी घरांत आला.